गच्चीवर वाळवलेली बोट

बोट भुसावळला आली ती केळीच्या ट्रकमधून. रावेर-सावद्याची केळी वाशीला उतरवून ट्रक परत रिकामाच येतो. आमच्या व्याह्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरच्या कानावर घातलं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस असताना पहाटे पाचला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. केळीच्या वाळक्या पानांत बसवलेली, निळ्या दोरीनं आवळलेली एक पांढरी वस्तू आम्ही तिघांनी खाली घेतली. समोरचे भाऊ ओट्यावर दात घासत उभे होते. म्हणाले, "आबा, हे काय आनलं? ढोरांची डोण?"

खरं सांगायचं तर दिसते तशीच. बोट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे टोकदार नाळ येते, हिचं नाक मात्र करवतीनं कापल्यासारखं सपाट. लांबी आठ फुटांच्या आत, रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. नाव ऑप्टिमिस्ट. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, ती पोरांसाठी काढली. प्लायवुडचे ताव कापून घरच्या घरी ठोकता यावी, म्हणून नाक चपटं. आता ती फायबरग्लासची असते, आकार मात्र तोच. एक शीड, एक पोर. ज्या वर्षी पोराला पंधरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत हिच्यातून शर्यतीत उतरता येतं.

आमची नात बारा वर्षांची. मुलगा नोकरीनं मुंबईत. पोरीला दोन वर्षांपासून शिडाचा नाद लागलाय आणि आजवर ती क्लबच्या बोटीवर शिकत होती. मुलानं एका ठिकाणी जुनी बोट स्वस्तात मिळते म्हणून घेऊन टाकली आणि मग फोन केला, "आबा, माझ्याकडे जागा नाही आणि वेळही नाही. तुमच्याकडे गच्ची आहे." हात आहेत असं तो म्हणाला नाही, पण मी ते ऐकलं. चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी मोडकी वस्तू दिली की तो पेन्शन वाढल्यासारखा खुश होतो.

या खेळात एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी पटली. बोटी सगळ्या एकसारख्या ठेवायच्या, म्हणजे पुढे जाईल ते पोर जाईल, बापाचा पैसा नाही. त्यासाठी नियमांचं एक पुस्तकच आहे. हलचं, म्हणजे बोटीच्या नुसत्या धडाचं वजन ३५ किलोच्या खाली नको, दोरी इतकी, गाठीतलं अंतर इतकं. ब्रॉड गेजच्या डब्याच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर १६०० मिलिमीटर. दोन मिलिमीटर वर चालेल, एक खाली चालेल, त्यापलीकडे चाकं बाहेर काढायची. त्या अंतरावर मी आयुष्यभर सह्या केल्या. त्यामुळे मला हे पुस्तक परकं वाटलं नाही. दुसऱ्यानं आपली वस्तू मोजायची आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, हे मात्र नवीन होतं.

पहिला अडथळा कागदाचा. प्रत्येक बोटीला एक रजिस्ट्रेशन बुक असतं. त्यात बोटीचा नंबर, मोजणीची नोंद आणि मालकाचं नाव. विकणाऱ्यांनी बुक दिलंच नव्हतं. "बघतो, कपाटात असेल," असं ते मुलाला दोन महिने सांगत राहिले आणि शेवटी एक झेरॉक्स पाठवली. तिच्यावर कधीतरी पाणी सांडलेलं. नंबरातला शेवटचा आकडा १ की ७, ते देवाला माहीत. त्यात शिडावर तिसराच नंबर. शीड दुसऱ्या बोटीचं उचलून हिला दिलेलं, हे उघडच होतं. जुनी मोटरसायकल घेताना आपण आधी आरसी बुक मागतो, नंतर किक मारतो. मुलानं उलटं केलं. मी त्याला बोललो नाही, हिनं, म्हणजे बायकोनं, बोलून घेतलं.

आता खरा नंबर कुठे? तर बोटीच्या अंगावर. बोट बांधणारा कारखाना ऑप्टिमिस्ट वर्गाची, म्हणजे या जातीच्या बोटींची, ठरलेली फी भरतो, तेव्हा नंबर घातलेली एक छोटी पट्टी मिळते आणि ती बोटीच्या आत चिकटवलेली असते. पट्टी नसेल तर बोट दिसायला ऑप्टिमिस्ट, पण शर्यतीत परात. मी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. पट्टी दिसेना. सगळीकडे सारखाच मळकट पांढरा रंग. मग तळहात फिरवून पाहिला, तेव्हा एका जागी चार कोपरे लागले. कुणीतरी हौसेनं आतून रंग देताना पट्टीवरूनही ब्रश फिरवला होता.

पटाशीला हात घातला आणि थांबलो. आकडा खरवडला गेला तर बोट कायमची बिननावाची. म्हणून बांबूची कामटी चाकूनं पातळ केली, तिचं टोक दगडावर घासलं आणि थिनरचा बोळा दोन-दोन मिनिटं ठेवून रंग उचलायला बसलो. थिनरही जपूनच वापरायचं, नाहीतर खालची छपाईच उठून यायची. रंग सालीसारखा सुटायला लागला. आधी एक उभी रेघ आली. ती १ ची की ७ ची ते कळेना, कारण वरचा भाग अजून झाकलेला. नात पालथी पडून माझ्या कोपराखालून बघत होती. "आबा, वर, वर." वरचा पापुद्रा निघाला आणि आडवी रेघ दिसली. सात. सकाळचे साडेआठ वाजले होते. हिनं खालून दोनदा पोह्यांसाठी हाक मारली होती, ती आम्हा दोघांनाही ऐकू आली नव्हती.

आरटीओत गाडीच्या चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, तसा ठसा मी काढून घेतला. पट्टीचा फोटो, ठशाचा फोटो, ती पाणी खाल्लेली झेरॉक्स, विकणाऱ्यांचं "बोट अमुक तारखेला यांना दिली, आमचा हक्क राहिला नाही" असं सहीचं पत्र आणि नातीच्या वयाचा दाखला. हे सगळं मुलानं संघटनेकडे पाठवलं. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही या खेळाची आपल्याकडची राष्ट्रीय संघटना. पत्र मिळवायलाच सगळ्यात जास्त दिवस गेले. विकणाऱ्यांना पैसे घेताना एक दिवस लागला होता, सही करायला सव्वीस. नंबर जुन्या नोंदीशी जुळला. मालक बदलला की जुनं प्रमाणपत्र आपोआप चालू राहत नाही, नव्या नावानं करून घ्यावं लागतं. शिवाय तळाची दुरुस्ती करणार असाल तर ती जागा आणि वजन मेझररला दाखवा, असं कळलं. मेझरर म्हणजे मोजणी करणारा माणूस. आता उरलं माझं काम.

बोट तोलायला कुठे न्यायची? गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. डोलकाठी, शीड, सुकाणू, हवेच्या पिशव्या, सुटं होणारं सगळं काढून धड काट्यावर ठेवलं. ३८ किलो ४०० ग्रॅम. भंगारवाला म्हणाला, "फायबर आम्ही घेत नाही, अण्णा." त्याला समजावून सांगितलं. ३५ च्या खाली गेलं तर बोटीत वजन ठोकून ते भरून काढावं लागतं. वर कितीही गेलं तरी नियम अडवत नाही. पण साडेतीन किलो जादा ओझं ओढत बारा वर्षांच्या पोरीनं शर्यत करायची म्हणजे दप्तरात वरवंटा घालून शाळेत पाठवण्यासारखं.

हे वजन होतं पाण्याचं. तळ एकजीव नसतो, फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. बाहेरच्या थराला कुठे तडा गेला की फोम पाणी पितो आणि धरून ठेवतो. तडा शोधायची पद्धत मला शिकवावी लागली नाही. गाडी उभी असताना चाकावर हातोडी मारत जाणारा माणूस तुम्ही जुन्या काळी स्टेशनावर पाहिला असेल. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं. मी बोट पालथी घातली आणि रुपयाच्या नाण्यानं तळ वाजवत सरकलो. टण, टण, टण, टण, ठप्प. ठप्प आला तिथे खडूनं खूण केली. शेवटी तळहाताएवढा एक नकाशा तयार झाला, डॅगरबोर्डच्या फटीच्या मागे. डॅगरबोर्ड म्हणजे फटीतून पाण्यात खाली सोडायची फळी. बोट काठावर ओढताना तीच जागा घासलेली असणार.

तेवढा तुकडा कापून उघडा केला. आतून खारट वास आला. भुसावळच्या गच्चीवर समुद्राचा वास!

इथे आमचं ऊन उपयोगी पडलं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४४-४५ ला चिकटतो तेव्हा लोक आम्हाला नावं ठेवतात. मुंबईत ही बोट वाळवायची म्हटली असती तर हवेतूनच आणखी पाणी प्याली असती. पण नुसती उन्हात टाकून चालत नाही. उघड्या उन्हात फायबर तापून वाकलं तर आकार गेला, आणि आकार गेला की सगळंच गेलं. म्हणून चार विटांवर पालथी ठेवली, वर हिची जुनी पांढरी चादर ताणून बांधली, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडली. सावली वरून, झळ खालून. शेजारीच कुरडया आणि पापड वाळत होते. चादर परत मिळणार नाही हे हिला तेव्हाच कळलं असावं.

दर तीन-चार दिवसांनी भंगारवाल्याकडे वारी. डायरीत मी लिहून ठेवलंय: ३७.६, ३६.९, ३६.४, ३६.१. पुढचे चार दिवस काटा ३६.१ वरून हलला नाही, तेव्हा म्हटलं, बास, हाडं लागली. सव्वादोन लिटर पाणी आमच्या उन्हानं काढलं.

भरायचं काम मात्र याच उन्हानं बिघडवलं. जळगावच्या एमआयडीसीतून रेझिन, हार्डनर आणि ग्लास मॅट आणली. सकाळी दहाला मगात कालवलं आणि मॅटचा तुकडा कापून वळेपर्यंत मगात दगड! मग धुरासारखी वाफ. हार्डनरचं माप डब्यावर थंड हवेचं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो, हार्डनर निम्म्यावर आणला, कालवायचा मग पाण्याच्या परातीत ठेवला आणि थोडं-थोडं कालवत उजाडायच्या आत तीन थर बसवले. घासून, पट्टी लावून, उजेडाविरुद्ध बघून परत घासलं. पुन्हा नाणं वाजवलं. टण. वजन ३६.२.

शिडावरचे आकडे बदलणं सोपं वाटलं होतं. जुने आकडे चिकटवलेले. दुपारी दोनला शीड दहा मिनिटं गच्चीवर पसरलं, डिंक मऊ झाला, नखानं टोक उचललं की आकडा सबंध निघून येत होता. नवे लावायचे तर प्रत्येक आकडा किमान २३० मिलिमीटर उंच, दोन आकड्यांत किमान ४५ मिलिमीटर अंतर. वर आयएनडी ही तीन अक्षरं, गाडीच्या नव्या नंबरप्लेटवर असतात तीच, फक्त इथे वीतभर मोठी. आणि नंबर शिडाच्या दोन्ही बाजूंना. मी ओळंबा धरून, सुताची रेघ मारून, दोन्ही बाजूंचे आकडे बरोबर एका रेषेत आणले. पाठीला पाठ, सुताचाही फरक नाही. नात आली, बघितलं, म्हणाली, "आबा, चुकलं. उजव्या बाजूचा वर पाहिजे, डाव्याचा खाली." एकावर एक आले तर शिडातून उजेड आरपार येत असल्यामुळे उन्हात दोन्ही मिसळतात आणि लांबून पंचांना वाचता येत नाही. कारण कळल्यावर राग गेला. पण दुपारभराचं काम गेलं ते गेलंच.

तरंगण्याची चाचणी घरी एकदा करून बघायचं ठरवलं. बोटीत हवेच्या तीन पिशव्या असतात, दोन बाजूंना, एक मागे. बोट काठोकाठ पाण्यानं भरली आणि वर लोखंड ठेवलं तरी ती बुडता कामा नये. कुणी म्हणालं, हतनूरला न्या. पण धरणात असली वस्तू सोडायची म्हणजे पाटबंधारे खात्याची परवानगी, आणि त्यात जून उजाडला असता. व्याही म्हणाले, "आमचं शेततळं कोणाच्या बापाचं आहे?" रावेरच्या अलीकडे त्यांची केळी, आणि केळीसाठी काळा प्लॅस्टिक कागद अंथरलेलं शेततळं. बोट पुन्हा त्याच ट्रकमधून, त्याच निळ्या दोरीनं बांधून गेली.

आधी त्यांच्या पॅकिंग शेडमधल्या काट्यावर तोलली. हा दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का बसलेला काटा, भंगारवाल्यावर किती विश्वास ठेवायचा? ३६ किलो २०० ग्रॅम. भंगारवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. मग बोट तळ्यात सोडून बादल्यांनी भरली. बादल्या ओतायला केळी कापणारे मजूर हौसेनं आले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बोटीत पाणी भरायची मजुरी मिळत होती. वर शेडमधली लोखंडी वजनं ठेवली. कडा पाण्याबरोबर आल्या, पण बोट तशीच राहिली. दहा मिनिटांनी मागची बाजू कलायला लागली. मागच्या पिशवीच्या तोंडातून बुडबुडे. व्याह्यांनी ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्या माणसाच्या थाटात झडप दाबून बघितली, जरा कचरा काढला, पुन्हा फुगवली. दुसऱ्या खेपेला अर्धा तास झाला तरी ढिम्म. शेवटी नात वजनांवर जाऊन बसली आणि तिथेच बसून तिनं आंबा खाल्ला. निकाल लागला.

खरी मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याजवळच्या एका तलावाकाठी. शर्यतीच्या आदल्या दिवशी. शेडमध्ये बोटींची रांग, आईबाप पंख्याखाली. मेझरर तिशीतला मुलगा, बोलणं कमी. त्यानं बोट घोडीवर समतल केली आणि टेप लावला. मी हात मागे बांधून उभा. पट्टीवरचा नंबर माझ्या पेन्सिलच्या ठशाशी जुळवला, ठसा उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "रेल्वे?" मी म्हटलं, "कशावरून?" म्हणाला, "माझे वडील दौंडला होते."

ओळखीचा फायदा शून्य. दुरुस्तीच्या जागेवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखालून उजेड येतो का ते दोन्ही दिशांनी पाहिलं. आला नाही. वजन ३६.२, तिसऱ्या काट्यावरही. मग शिडाच्या गाठी. शीड डोलकाठीला दोऱ्यांच्या वेटोळ्यांनी बांधलेलं असतं, आणि काठी ते शीड हे अंतर दहा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्याच्याकडे दहा मिलिमीटर जाडीचा एक तुकडा होता. तो सगळ्या गाठींतून घालून बघत होता. आमच्याकडे याला गो-नोगो गेज म्हणतात. किती वर्षांनी बघितलं! वरून चौथ्या गाठीत तुकडा सैल फिरला. "ही मी बांधली होती," नात म्हणाली आणि तिथेच सोडून परत बांधली. बोट उलटली तरी डोलकाठी खोबणीतून निसटत नाही ना, पाणी उपसायचं भांडं बांधलेलं आहे ना, वल्हं आहे ना. सगळं बरोबर.

शेवटी ओढदोरी. नियम असा: एकसंध, किमान पाच मिलिमीटर जाड, किमान आठ मीटर लांब आणि तरंगणारी. वारा पडला की सुरक्षा बोट याच दोरीनं पोरांना ओढून आणते. मी जळगावच्या दाणाबाजारातून उत्तम पांढरी नायलॉनची दोरी घेतली होती. मऊ, चकचकीत, साडेआठ मीटर, टोकं मेणबत्तीवर जाळून गोल केलेली. त्यानं मोजली, जाडी बघितली, मान हलवली. मग टेबलाखालून पाण्याची बादली ओढली आणि दोरीचं टोक आत सोडलं.

टोक क्षणभर वर राहिलं, मग सापासारखं वळत तळाशी जाऊन बसलं.

नायलॉन पाण्यापेक्षा जड. तरंगते ती पॉलिप्रॉपिलीनची. माझं जळगाव जिल्ह्यात आयुष्य गेलं. तिथे एमआयडीसीत गल्लीगल्लीत ज्या प्लॅस्टिकच्या चटया विणतात, त्या याच पॉलिप्रॉपिलीनच्या. आणि मी नायलॉन उचललं, का, तर दिसायला देखणं. संध्याकाळचे पाच, जवळ दुकान नाही, मोजणी सहाला बंद. माझा मुलगा फोन लावायला लागला. नात मात्र काही न बोलता पार्किंगकडे पळाली आणि गाडीच्या टपावरून एक दोरी सोडून घेऊन आली. केळीच्या ट्रकची निळी दोरी. ड्रायव्हर परत न्यायला विसरला होता आणि आम्ही भुसावळहून पुण्याला बोट तिनंच बांधून आणली होती.

जाडी नियमाच्या दुप्पट. तिच्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग, जे धुवून कधीच जात नाहीत. मेझररनं टेप लावला, एका लांबीची आहे, जोड नाही, हे बोटांनी चाचपलं, आणि टोक बादलीत सोडलं. वरच राहिलं. त्यानं ते बोटानं दाबून तळाशी नेलं आणि सोडलं. टपकन वर आलं.

त्यानं फॉर्मवर सही केली, शिडाच्या कोपऱ्यात शाईचा शिक्का मारला. दोन महिन्यांनी नव्या नावाचं बुक आलं. त्यात मालकाच्या जागी मुलानं माझं नाव घातलंय, हे मला तेव्हा कळलं.

त्या शर्यतीत नात बेचाळीस पोरांत एकतिसावी आली. रात्री फोनवर तिची तक्रार एकच. "आबा, दोरी खूप जाड आहे. पायात येते." आठवड्याभरात दुसरी आणली, पाच मिलिमीटरची, पिवळी. दुकानदाराला आधी म्हटलं, बादलीभर पाणी आण. तो म्हणाला, "हात धुवायचेत का, काका?"